व्यसनमुक्तीचे उपचार : आपल्या जिल्ह्यात, आपल्या आवाक्यात

व्यसनमुक्तीचे चांगले केंद्र कोणते, हा प्रश्न आम्हांला वर्षातून अनेकदा विचारला जातो. विचारणारे बहुधा दुसऱ्या कोणासाठी तरी विचारत असल्याचे सांगतात; शेजाऱ्यासाठी, गावातल्या एका मुलासाठी, दूरच्या नात्यातल्या कोणासाठी. आम्हीही अधिक खोदून विचारत नाही. त्यांना हवे असते ते पुण्या-मुंबईकडचे एखादे नामांकित नाव. ते मिळाले की कागदावर लिहून घेतात, घडी करून खिशात ठेवतात आणि निघून जातात. पुढे चौकशी केली तर पुष्कळदा असे कळते की जाणे झालेच नाही. कधी पैसे जमले नाहीत, कधी शेतीचा हंगाम आडवा आला, कधी रजा मिळाली नाही, आणि पुष्कळदा ज्याला न्यायचे तोच ठरल्या दिवशी घरातून नाहीसा झाला. नाव मिळाले होते, वाट मिळाली नव्हती. ती वाट आपल्याच तालुक्यातून, आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून कशी शोधावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

स्मरणिकेत असा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. येथे संस्थेचा इतिहास असावा, गुणवंतांचे सत्कार असावेत, दात्यांची नावे असावीत, आणि ती आहेतच. परंतु या शाळेच्या वसतिगृहातून शिकून गेलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांची मुले येथे शिकत आहेत, आणि या दोन पिढ्यांच्या मध्ये दारूने काय केले आहे हे आपणांपैकी कोणाला सांगायला हवे असे नाही.

प्रथम एक आकडा. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे एम्सने, देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना तिच्यामुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाला होता. रुग्णालयात वा केंद्रात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला शपथा आल्या, अंगारे-धुपारे आले, मार आला, कोंडून ठेवणे आले. डॉक्टर मात्र आला नाही. केंद्रे अपुरी आहेत हे खरेच. पण जी आहेत त्यांच्या दारापर्यंतही माणसे पोहोचत नाहीत, आणि त्याचे मोठे कारण लाज हे आहे.

ही लाज आपल्या समाजात काहीशी अधिक तीव्र आहे, असे आमचे निरीक्षण आहे. दर वंदनेला आपण पाचवे शील घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारूविषयीच आहे. मग ज्या घरात बाटली शिरली त्या घराला वाटते की आपण धम्माचेच गुन्हेगार; आणि ते घर विहारात येणे कमी करते, मेळाव्यांना येणे टाळते, मुलाच्या शाळेतही तोंड दाखवीत नाही. नेमके जेथे आधार मिळावयाचा तेथूनच ते दूर जाते. अशा वेळी विनयपिटकातील सागत भिक्खूची कथा स्मरावी. सागत हे मोठ्या सिद्धीचे भिक्खू. कोसंबीच्या उपासकांनी त्यांना आदराने घरोघरी मद्य पाजले आणि ते नगराच्या वेशीजवळ कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून आणले, तेव्हा भगवंताकडे पाय करून ते पडले होते. भगवंताने त्या निमित्ताने मद्यपान न करण्याचा नियम घालून दिला. परंतु तो नियम पाराजिकात नाही, म्हणजे संघातून घालवून देण्याच्या दोषांत नाही. तो पाचित्तियात आहे. दोष कबूल करावा, शुद्ध व्हावे आणि संघातच राहावे, असा त्याचा अर्थ. शील कडक आहे. पण चुकलेल्याला उचलून आणणारे हात त्याच कथेत आहेत, हे आपण वाचायचे विसरतो.

आता मूळ विषयाकडे वळू. घरात व्यसन आहे हे मान्य झाल्यावर पहिली चूक होते ती अशी की सारे मिळून त्या माणसाला आजपासून, या क्षणापासून, बंद करायला लावतात. आंबेडकर जयंतीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मुहूर्तावर असे संकल्प पुष्कळ होतात. ज्याला दररोज, विशेषतः सकाळी उठल्याबरोबर, दारू लागते त्याने ती एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते, झोप येत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चढल्याचे भास होतात, ताप चढतो, दिवस-रात्रीचे भान राहत नाही. घरातली माणसे याला बाहेरची बाधा समजतात आणि रुग्णालयाऐवजी भलतीकडे धाव घेतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. अशा वेळी केंद्र कोणते चांगले याची चर्चा करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. तेथे डॉक्टरांना तो किती वर्षे पितो, रोज किती पितो आणि शेवटची केव्हा घेतली, या तिन्ही गोष्टी न लपवता सांगाव्यात. अपघाताने वा दुसऱ्या आजाराने दाखल झालेल्या माणसाच्या दारूविषयी नातेवाईक गप्प राहतात आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात गोंधळ उडतो, असे वारंवार घडते. मेंदूला इजा होऊ नये म्हणून बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि फिट टाळण्यासाठी झोपेच्या वर्गातील औषधे डॉक्टर काही दिवस, मात्रा उतरवीत, देतात. हा पाच-सात दिवसांचा टप्पा नीट पार पडला की शरीरातले विष उतरते. व्यसन उतरत नाही. ते काम पुढचे.

झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्यांनाही हाच इशारा लागू आहे. त्या एकदम बंद करू नयेत. ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, तोडताना होणारी ‘टर्की’ असह्य असते, पण सहसा जीवघेणी नसते. तेथे धोका वेगळ्या ठिकाणी आहे. काही आठवडे गर्दपासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. तो माणूस बाहेर आल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि श्वास बंद पडून मरतो. म्हणून गर्दच्या रुग्णाला नुसते महिनाभर कोंडून परत आणणे हा उपचार नव्हे. त्याच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक सरकारी केंद्रांत, दीर्घकाळ घ्यावी लागतात. एका नशेऐवजी दुसरी नशा, असे म्हणून काही नातेवाईक ती बंद करायला लावतात. मधुमेहाच्या रुग्णाचे इन्शुलिन आपण असे बंद करीत नाही.

दाखल होणे प्रत्येकालाच आवश्यक असते असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पिणे वाढू लागले आहे, घरात भांडणे होऊ लागली आहेत, पण अद्याप शरीर दारूवाचून चालेनासे झालेले नाही, अशा अवस्थेतील माणसांची संख्या फार मोठी आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा पुरुषांवर एक अभ्यास केला. डॉक्टर वा मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांच्याशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के लोक दारूपासून दूर होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चार बैठका, त्याही गावाजवळच्या आरोग्य केंद्रात! आम्हांस हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. मदत जितकी लवकर आणि जितकी जवळ, तितकी ती लहान असली तरी पुरते. उशीर झाला की तीच मदत मोठी, महाग आणि दूरची होत जाते.

कोठे जावे?

पहिले ठिकाण जिल्हा रुग्णालय. तेथे मानसिक आरोग्य विभाग असतो आणि व्यसन हा त्याच विभागाचा विषय आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ या शब्दाची भीती मनातून काढून टाकावी. केसपेपर काढावा आणि मानसोपचाराच्या ओपीडीत जावे. ज्या जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे तेथे महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग असतो. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. निवडक सरकारी रुग्णालयांत एम्सच्या मार्गदर्शनाखाली व्यसनोपचार सुविधाही सुरू करण्यात आल्या असून तेथे औषधे मोफत मिळतात.

दुसरे ठिकाण केंद्र शासनाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालविलेली एकात्मिक व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रे. येथे राहून मोफत उपचार होतात. आपल्या जिल्ह्यात असे केंद्र कोठे आहे हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे. शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृहाच्या प्रवेशासाठी या कार्यालयाच्या पायऱ्या आपण सर्वांनी झिजविल्या आहेत. त्याच इमारतीत ही माहितीही असते, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते, तिच्याकडेही विचारणा करता येते.

फोनवरूनही आरंभ होऊ शकतो. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा निःशुल्क क्रमांक आहे. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक मानसिक आरोग्याच्या कोणत्याही अडचणीसाठी आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तंबाखू, खर्रा, गुटखा, मिश्री सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा वेगळा क्रमांक आहे. फोन करताना रुग्णाचे वय, व्यसन कशाचे व किती दिवसांचे, इतर आजार आणि आपला तालुका एवढे समोर लिहून ठेवावे. हे क्रमांक केवळ पिणाऱ्यासाठीच आहेत असे नाही. त्याच्या पत्नीने, आईने, मोठ्या मुलीने फोन केला तरी चालतो. किंबहुना तेच अधिक वेळा घडते.

स्वयंसेवी संस्थांत मराठी माणसाच्या तोंडी पहिले नाव येते ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यातील तरुण पोखरले जात होते. त्या दुनियेत हिंडून डॉ. अनिल अवचट यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये येरवडा येथे हे केंद्र उभे केले. आरंभी ते मनोरुग्णालयाच्याच आवारात होते. रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणावयाचे, त्याला मारहाण वा अपमान करावयाचा नाही, आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसालाच पुढे समुपदेशक म्हणून उभे करावयाचे, ही तेथील रीत. दाखल राहण्याचा काळ पस्तीस दिवसांचा. परंतु आम्हांस मुक्तांगणचे खरे मोठेपण त्या पस्तीस दिवसांपेक्षा त्यांच्या पाठपुरावा केंद्रांत दिसते. बाहेर पडलेला माणूस आपल्याच गावाजवळ दर आठवड्याला वा पंधरवड्याला कोणाला तरी भेटत राहावा, यासाठी त्यांनी राज्यात ठिकठिकाणी सोय केली आहे. स्त्रियांच्या व्यसनासाठी त्यांचा ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. स्त्री पीत असेल तर घर ती गोष्ट अधिकच दडवते, म्हणून या नावाचा उल्लेख येथे आवर्जून केला.

मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. वांद्र्याच्या एका चर्चच्या आवारातून निघालेले हे काम पुढे वसई, गोवा आणि इतर अनेक ठिकाणी पसरले. विदर्भातील वाचकांना गडचिरोलीचे उदाहरण जवळचे वाटेल. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या त्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालते. त्यात तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी व्यसनोपचाराचे क्लिनिक भरते आणि गावात शिबिरेही होतात. कायद्याने दुकान बंद झाले तरी माणसाची तलफ बंद होत नाही. तिच्यासाठी दवाखाना गावाकडे यावा लागतो, ही दृष्टी त्यामागे आहे.

केंद्र पारखून कसे घ्यावे?

भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, एसटी स्थानकात खासगी केंद्रांच्या जाहिराती दिसतात. त्यांत प्रामाणिक केंद्रे आहेत, तशी निव्वळ कोंडवाडा असलेलीही आहेत. रुग्णाला नेण्यापूर्वी घरातील एकाने स्वतः जाऊन पाहावे. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण पाहते, कोणते रुग्णालय जोडलेले आहे, हे विचारावे. स्वयंपाकघर आणि संडास पाहावेत. त्यांवरून पुष्कळ कळते. आत असलेल्या दोघा-तिघांशी संचालकांच्या अनुपस्थितीत बोलू द्या म्हणावे. बोलू न देणारे केंद्र सोडून द्यावे. महिन्याचा खर्च किती, त्यात औषधे धरली आहेत काय, मधेच परत आणले तर पैसे परत मिळतात काय, हे लेखी घ्यावे. बाहेर पडल्यावर पुढे काय, या प्रश्नाला ज्यांच्यापाशी उत्तर नाही त्यांच्याकडे इमारत कितीही देखणी असो, उपचार अर्धाच आहे.

कायदाही रुग्णाच्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्याच्या कक्षेत येतात. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. उपचाराविषयीची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. सज्ञान माणूस सामान्यतः स्वतःच्या संमतीने दाखल होतो. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या वा इतरांच्या जिवाला धोका असेल, तरच नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एक डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, प्रथम तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. म्हणून ‘आम्ही गाडी पाठवून रात्रीतून उचलून आणतो’ असे अभिमानाने सांगणारे केंद्र हे बेकायदा वागणारे केंद्र होय. गर्द वा गांजाच्या बाबतीत पोलिसांची भीती वाटते. अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ६४-अ असे सांगते की सेवनाचा वा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. ते अर्ध्यावर सोडले तर संरक्षणही जाते.

‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींविषयी मात्र आम्ही कठोरपणे लिहू. जेवणातून, चहातून चोरून द्यावयाच्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत काय असते ते कोणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखे औषध त्यात असेल आणि ते पोटात असताना माणूस दारू प्याला, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. हेच औषध डॉक्टर रुग्णाला पूर्ण समज देऊन, त्याच्या संमतीने देतात तेव्हा उपयोगी पडते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. औषध तेच, चोरून दिले की विष.

शाळेच्या दृष्टीने एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. वर उल्लेखिलेल्या पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे व्हाइटनर, सोल्यूशन, पंक्चरचे द्रावण यांचे, प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले: मुलांत १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. दुसऱ्या कोणत्याही नशेत असे उलटे चित्र नाही. कपड्यांना रसायनाचा वास, तोंडाभोवती पुरळ, दप्तरात गच्च दाबलेले फडके दिसले तर मुलाला मारू नये आणि शाळेतून काढून टाकण्याची घाईही करू नये. वसतिगृह सुटले तर ते मूल नेमके त्या रस्त्यावर जाते जेथे ही वस्तू मिळते. त्याला जिल्हा रुग्णालयात न्यावे. अल्पवयीन मुलाला दाखल करावे लागलेच, तर त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे आणि त्याच्यासोबत नातेवाईक वा सोबती राहू दिला पाहिजे, असे उपरोक्त कायदाच सांगतो. प्रौढ व्यसनींच्या केंद्रात चौदा वर्षांचे मूल टाकणे हा गुन्ह्याइतकाच मोठा अविचार आहे.

तो तयारच होत नाही, मग काय करावे? हा प्रश्न स्त्रियाच विचारतात. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नये. सकाळी, तो शुद्धीत असताना, कालचा प्रसंग जसा घडला तसा, शिवी न देता सांगावा. त्याची उधारी आपण फेडू नये, त्याच्यासाठी कामावर खोटे निरोप देऊ नयेत. आणि तो येवो वा न येवो, आपण स्वतः समुपदेशकाकडे जावे. पत्नीने जाणे सुरू केले आणि काही महिन्यांनी नवरा आपणहून आला, असे केंद्रांतील कार्यकर्ते नेहमी सांगतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. ‘अल-अनॉन’ या नावाने नातेवाइकांचे गट अनेक शहरांत भरतात. मारहाण होत असेल तर व्यसन बरे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आधी सुरक्षित जागी जावे, स्त्रियांसाठीच्या १८१ क्रमांकावर वा ११२ वर मदत मागावी.

आता राहिला पुढचा काळ, आणि खरा उपचार तोच. महिनाभर केंद्रात राहिलेला माणूस परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच पगाराच्या दिवशी. पहिले वर्ष जपावे लागते. दर पंधरवड्याला ओपीडीत जावे, औषध चुकवू नये, आणि शक्य तर ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, म्हणजे एए-च्या, सभेला जावे. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून निघालेली ही चळवळ आता महाराष्ट्रातल्या अनेक लहान गावांतही आहे. प्रवेश फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. तेथील बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या बांधवांना तो खटकतो, हे आम्हांला माहीत आहे. मात्र तेथे कोणत्याही श्रद्धेची सक्ती नसते. अनेक सदस्य त्या सभेलाच, तिथे जमलेल्या माणसांनाच, ती आपल्याहून मोठी शक्ती मानतात. शब्द अडत असेल तर तो बाजूला ठेवून बसावे, पण बसावे. ज्या गावात अशी सभा नाही तेथे विहाराची किंवा शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ देता येईल. तेवढे करणे कोणत्याही विहार समितीला अवघड नाही.

आणि या वर्षात तो एकदा प्याला, तर? पुष्कळजण पितात. तेव्हा ‘गेले सगळे पाण्यात’ असे घरच्यांनी म्हणू नये, आणि त्यानेही लाजेने ओपीडी टाळू नये. दुसऱ्याच दिवशी त्याच डॉक्टरांकडे, त्याच समुपदेशकाकडे जावे. म्हणूनच ते ठिकाण एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर असलेले बरे. जुना केसपेपर सोबत न्यावा. तो हरवला असला तरी अडत नाही. खिडकीवर नवा काढून मिळतो.